मेसेज पोहोचला, हे कशावरून?

फायनल इयर लागलं की कॉम्प्युटर ब्रँचच्या पोरापोरींची एकच धावपळ. चौघांचा ग्रुप, एक गाईड आणि 'टॉपिक काय घ्यायचा?' हा प्रश्न. जालन्यातून संभाजीनगर गाठायला फार वेळ लागत नाही. तिथून तयार प्रोजेक्ट आणायचा, मुखपृष्ठावर नावं बदलायची, स्पायरल बाइंडिंग करायचं. काम फत्ते! पण व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक साधाच प्रश्न विचारतात. 'तुमच्या चॅट ॲपमधला मेसेज समोरच्याला पोहोचला, हे ॲपला कसं कळतं?' आणि चौघंही एकमेकांकडे बघतात.

हाच प्रश्न पुढे पुण्यातल्या इंटरव्ह्यूमध्येही येतो. त्यामुळे यंदा टॉपिक शोधत असाल, तर चॅट क्लायंट स्वतः लिहून बघा. वाटतं तितकं अवघड नाही, कारण निम्मं काम लायब्ररी करते.

लायब्ररी म्हणजे दुसऱ्यानं लिहून ठेवलेला, आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येणारा कोड. घर बांधताना आपण विटा भाजत बसत नाही, तसंच हे. पण कोणत्या दारात उभं राहायचं, हे आधी ठरवावं लागतं. व्हॉट्सॲपचं दार बाहेरच्या क्लायंटला बंद आहे. टेलिग्रामनं 2018 मध्ये स्वतःची टीडीलिब ही लायब्ररी सगळ्यांना खुली केली, पण सर्व्हर त्यांचाच. एक्सएमपीपीचं मात्र तसं नाही. जेरेमी मिलर यांनी 1999 मध्ये 'जॅबर' नावानं हे काम जगापुढे आणलं आणि 2004 मध्ये ते इंटरनेटचं अधिकृत मानक झालं. नियम सगळ्यांसाठी खुले, सर्व्हर कुणीही चालवावा, क्लायंट कुणीही लिहावा. पत्ता ई-मेलसारखाच: नाव, ॲट, सर्व्हर. व्हॉट्सॲपनंही सुरुवातीला ईजॅबर्ड हा याच घराण्यातला खुला सर्व्हर घेतला आणि त्यात आपल्या गरजेप्रमाणे बदल केले.

खुलं दार का महत्त्वाचं, हे याहू मेसेंजरवरून कळतं. त्याची भाषा कंपनीनं जाहीर केलेली नव्हती. मुंबईच्या लिनक्सप्रेमींमध्ये वावरणाऱ्या फिलिप टेलिस यांनी त्यासाठी 'लिबयाहू2' ही लायब्ररी लिहिली. तिच्या जोरावर दुसरे क्लायंट याहूवर बोलू लागले. पण अशा कामात एक मेख असते. कंपनीनं आतली भाषा बदलली की लायब्ररीला पुन्हा मागे धावावं लागतं. 17 जुलै 2018 ला याहू मेसेंजरच बंद झाला. घर भाड्याचं असलं की चावी मालकाकडेच राहते.

आता प्रत्यक्ष काम. पायथन येत असेल तर 'स्लिक्सएमपीपी' घ्या, जावा येत असेल तर 'स्मॅक', ब्राउझरमध्ये करायचं असेल तर 'स्ट्रोफी'. कॉलेजच्या लॅबमधल्या एका कॉम्प्युटरवर 'प्रॉसडी' हा हलका सर्व्हर टाका आणि बाकीचे त्याच राउटरला जोडा. पहिला दिवस सर्टिफिकेटच्या कटकटीत जाईल, वैतागू नका. एकदा जमलं की बाहेरचं इंटरनेट गेलं तरी आतलं चॅट सुरूच राहतं.

स्लिक्सएमपीपीमध्ये मेसेज आला की उत्तर देणारा छोटा प्रोग्राम तीसेक ओळींत होतो. लॉगिन, 'मी हजर आहे' हे सांगणं, मित्रांची यादी मागवणं, मेसेज आला की काय करायचं ते लिहिणं, बस्स. त्यातलं 'मी हजर आहे' विसरलात तर लॉगिन होतं, पण मेसेज येत नाहीत आणि अख्खी संध्याकाळ चूक शोधण्यात जाते. दुसरी फसगत 'इनपुट'ची. टाइप करायला प्रोग्राम थांबवला की सगळंच थांबतं, समोरून येणारे मेसेजही. चॅटला एका वेळी ऐकायचंही असतं आणि बोलायचंही. हे एकदा हातानं अनुभवलं की 'असिंक' हा शब्द पाठ करावा लागत नाही.

मराठीचीही एक गंमत बघा. 'जालना' शब्दात डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात. पायथन मोजतो पाच, कारण दोन काने वेगळे. आणि तारेवरून जातात पंधरा बाइट. बाइट मोजून मेसेज मध्येच तोडलात तर अक्षराचे तुकडे होतात. इंग्रजीत चाचणी करून खूश झालेल्यांना ही चूक कधीच दिसत नाही. आपल्याला दिसते, हा आपला फायदा.

आता परीक्षकांच्या प्रश्नाकडे या. प्रोग्राम 'पाठवला' म्हणतो, तेव्हा मेसेज फक्त आपल्याच मशीनच्या हाती दिलेला असतो. एसटीतून मंठ्याकडे जाताना रेंज गेली तर तो तिथेच अडकतो. म्हणून एक्सएमपीपीत दोन वेगळ्या सोयी आहेत. एकीत सर्व्हर सांगतो, 'तुझे इतके मिळाले'. तुटलेलं कनेक्शन परत जोडलं की उरलेले पुन्हा पाठवता येतात. दुसरीत समोरच्याचा क्लायंट पोचपावती देतो. एक टिक आणि दोन टिकमधला फरक तो हाच. लायब्ररीत दोन्हींची प्लगइन आहेत; 198 आणि 184 हे त्यांचे क्रमांक.

पण प्लगइन लावून थांबू नका. 1 ते 100 आकडे घातलेले मेसेज पाठवा आणि मध्येच वाय-फाय बंद करा. अर्ध्या मिनिटानं चालू करा. किती पोहोचले? किती हरवले? एखादा दोनदा आला का? प्लगइनशिवाय आणि प्लगइनसह, दोन्ही तक्ते काढा. हा तक्ता कुठल्याही दुकानात मिळत नाही, तो तुमचाच असतो. रिपोर्टमधलं सगळ्यात भारी पान तेच.

यातून पुढे वापराचं काहीतरी करता येईल. जालन्याच्या बाजार समितीतला मोसंबीचा भाव घरच्यांनी विचारला की उत्तर देणारा बॉट, किंवा रेंज आल्यावर आपोआप निघणारे निरोप. व्हॉट्सॲपला टक्कर द्यायची नाहीये. तुमचा क्लायंट कदाचित चौघांच्याच कॉम्प्युटरवर चालेल, चेहऱ्यामोहऱ्यानंही साधाच दिसेल. चालेल की!

आपल्याकडे म्हणतात, जालना सोने का पालना. पाळण्यातलं सोनं बाहेरून आणून ठेवलेलं नको, आपल्या हातचं हवं. टॉपिक ठरवण्याआधी ग्रुपनं एक संध्याकाळ द्यावी: सर्व्हर टाका, दोन खाती उघडा, एक मेसेज पाठवा आणि वायर काढा. पुढचं काम काय, ते तो मेसेजच सांगेल.