सागरतळावर घडलेले तांबे

भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटावरील ट्रूडोस पर्वताच्या पायथ्याशी काळसर खडकांत मधूनच तांबूस-पिवळ्या मातीचे पट्टे दिसतात. हा लोखंडाचा गंज होय. तो पाहूनच प्राचीन खाणकामगार खाली तांबे असल्याचे ओळखीत. तांब्याचे ‘कूप्रम’ हे लॅटिन नावही या बेटावरूनच पडले. मात्र सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी हा पर्वत समुद्राचा तळ होता. पुढे भूपट्टांच्या रेट्याने तो वर उचलला गेला.

मग त्यात तांबे आले कोठून? सागरतळावर जेथे दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरतात, तेथे शिलारस वर येऊन नवा बेसाल्ट खडक तयार होतो. त्याच्या भेगांतून समुद्राचे पाणी खोलवर झिरपते व शिलारसाच्या उष्णतेने तापते. वरील पाण्याच्या प्रचंड दाबामुळे ते सहसा उकळत नाही. चहाच्या पुडीचा अर्क जसा गरम पाण्यात उतरतो, तसे खडकातील लोह, तांबे, जस्त व गंधक या आम्लधर्मी पाण्यात उतरतात. सुमारे ३५० अंश सेल्सिअसचे हे पाणी तळावर उसळून २ अंशांच्या थंड पाण्यास मिळताच धातू व गंधक यांची संयुगे, म्हणजेच सल्फाइडे, काळ्या कणांच्या रूपाने वेगळी होतात. त्यांची धुराडी उभी राहतात, ढासळतात, पुन्हा उभी राहतात आणि साठा वाढत जातो. उघडा राहिल्यास तो समुद्राच्या पाण्यानेच गंजून झिजतो. वर लाव्हाचे पांघरूण पडले तर टिकतो.

१९७९ मध्ये पूर्व पॅसिफिकच्या तळाशी ‘अल्व्हिन’ पाणबुडीतून अशी जिवंत धुराडी प्रत्यक्ष पाहण्यात आली. सायप्रसच्या खनिजातही त्यांचे तुकडे आढळल्याचे १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले.

सह्याद्रीचा काळा पत्थरही बेसाल्टच. परंतु तो लाव्हा जमिनीवर पसरलेला असल्याने त्यात असे साठे नाहीत. नुसता पत्थर पुरत नाही, त्यावर समुद्र हवा.

तो हिंदी महासागरात आहे. तेथील १०,००० चौरस किलोमीटर सागरतळावर सल्फाइडांच्या शोधासाठी भारताने २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी १५ वर्षांचा करार केला. या कामात गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचा मोठा वाटा आहे. मात्र जिवंत धुराड्यांभोवती जीवसृष्टीही नांदते. याच महासागरातील एका गोगलगायीच्या पायावर लोह-सल्फाइडचे खवले असतात. खाणकामाच्या संभाव्य धोक्यामुळे २०१९ मध्ये तिची नोंद संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत झाली. म्हणूनच शोधाचा रोख विझलेल्या धुराड्यांकडे असणे अधिक इष्ट. परंतु ऊब व धूर नसल्याने तीच सापडणे अधिक कठीण असते.