परमुलखातला ताप

खानदेशातल्या शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्यात पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाचं मोठं आवार आहे. औषधनिर्माणशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी हातात पडली की इथल्या मुलांना पुणं-मुंबई खुणावतं. भारतीय औषधांचा व्यापार आफ्रिकेत खोलवर पसरल्यामुळे अशा पदव्यांना नायजेरिया-टांझानियाचीही वाट मोकळी असते. मुलगा परदेशी निघाला की घरचे पगाराचं विचारतात, जेवणाचं विचारतात, फार तर चोरा-लुटारूंचं. रक्ताचं कोणी विचारत नाही.

दोनशे वर्षांपूर्वी दुर्गम परमुलूख म्हणजे हाच भाग होता आणि परके होते ते इंग्रज. 1818 मध्ये खानदेश त्यांच्या ताब्यात आला, पण सातपुड्यातले भिल्ल काही दाद देईनात. डोंगरात धाडलेल्या पलटणींना बाणांइतकंच हिवतापानंही जेरीस आणलं. 1825 मध्ये जेम्स आउटरॅम हा तरुण अधिकारी इथे आला आणि त्यानं भिल्ल तरुणांचीच पलटण उभी केली. त्यामागे राजकारण तर होतंच, पण याच रानात वाढलेले आणि तापानं सहजी आडवे न होणारे शिपाई मिळाले, हा फायदाही लहान नव्हता.

मग एकाच रानात, एकाच डासाच्या तोंडी गेलेल्या दोन माणसांपैकी एक मरतो आणि दुसरा चार दिवसांत उठून कामाला का लागतो? रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी दिसले ते 1897 च्या ऑगस्टमध्ये, सिकंदराबादला. पण या प्रश्नाचं उत्तर रॉबर्ट कॉखच्या न्यू गिनीतल्या कामातून मिळू लागलं. साधारण 1900 च्या सुमारास तिथल्या गावांतून रक्ताचे नमुने तपासताना त्याच्या लक्षात आलं की स्थानिक लहान मुलांच्या रक्तात परजीवी भरपूर आहेत, मोठ्यांच्या रक्तात मात्र क्वचितच. बाहेरून आलेला माणूस कोणत्याही वयाचा असो, तो आजारी पडतोच. बालपणभर पुन्हा पुन्हा ताप सोसून जो जगला-वाचला, त्याचं शरीर त्या परजीवीशी जमवून घ्यायला शिकतं. ही सोय फुकट मिळत नाही. ती न मिळालेली मुलं पाच वर्षांची व्हायच्या आतच गेलेली असतात, म्हणून ती बाहेरच्या पाहुण्याला दिसत नाहीत. ‘इथल्या लोकांना काही होत नाही’ हे साहेबी निरीक्षण म्हणूनच अर्धवट होतं.

सातपुड्यात आणखी एक गोष्ट रक्तातच आहे. भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेलच्या जनुकाचं प्रमाण ठळक आहे. आईवडिलांपैकी एकाकडूनच हे जनुक आलं तर माणूस ‘वाहक’ असतो, सहसा धडधाकट, आणि जीवघेण्या हिवतापापासून त्याला मोठं संरक्षण मिळतं. अँथनी अ‍ॅलिसन यांनी 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे दाखवून दिलं. दोघांकडूनही आलं तर मात्र लाल पेशी प्राणवायू सोडताच विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं पिळवटून काढणारी कळ उठते. डासांनी भरलेल्या प्रदेशात निसर्गानं हा सौदा हजारो वर्षं चालू ठेवला.

हिवतापाविरुद्ध कमावलेली ताकद मात्र टिकाऊ नाही, आणि परदेशस्थ नेमके इथेच फसतात. डासांच्या प्रदेशातून बाहेर पडून काही वर्षं झाली की ती विरत जाते. लंडनमध्ये स्थायिक झालेला नायजेरियन माणूस सुट्टीत आजोळी जातो तेव्हा गोळ्या घेत नाही, कारण ‘आपलंच गाव’. युरोपात बाहेरून येणाऱ्या हिवतापाच्या रुग्णांत असे आप्तांना भेटून आलेले लोक फार मोठ्या संख्येनं असतात. आपल्याकडून जाणाऱ्याचीही समजूत तशीच: लहानपणी थंडीताप येऊन गेलाय, आता काय होणार! पण आपल्याकडे पुष्कळदा येतो तो व्हायव्हॅक्स जातीच्या परजीवीचा हिवताप. आफ्रिकेत गाठ पडते ती मुख्यतः फाल्सिपॅरमशी, जो मेंदूपर्यंत पोचतो आणि उपचाराला दोन-तीन दिवसांचा उशीरही खपवून घेत नाही. डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिबंधक गोळी परतल्यावरही चार आठवडे घ्यायची असते. परजीवी आधी यकृतात दडून बसतो, नंतर रक्तात उतरतो आणि ही गोळी त्याला मुख्यतः रक्तातच गाठते. घरी येऊन पाहुणचार सुरू झाला की पाकीट बॅगेतच राहतं, हा भाग वेगळा.

पीतज्वराचं प्रकरण याच्या अगदी उलट आहे. तिथे सरकारच हात धरून लस टोचून घ्यायला लावतं. मॅक्स थायलर यांच्या 1937 च्या लसीचा एक डोस जन्मभर पुरतो, फक्त तो निघायच्या किमान दहा दिवस आधी आणि मान्यताप्राप्त केंद्रातच घ्यावा लागतो. पीतज्वराच्या देशातून दाखल्याशिवाय परतणाऱ्याला भारतात सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवता येतं. हा कडकपणा उगाच नाही. पीतज्वर भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्या दारातल्या पिंपात सुखानं नांदतो आहे.

सर्पदंशाचं मात्र फारसं कोणी बोलत नाही. भारतातली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनते. लोणखेड्याच्या उसात पाणी द्यायला रात्री उतरणाऱ्याचा जीव ती वाचवते. तीच कुपी आफ्रिकेत नेली तर? तिथेही फुरसं आहे, पण ते वेगळ्या जातीचं आणि त्याचं विषही वेगळं. भारतीय सापांच्या विषावर बनलेली लस पश्चिम आफ्रिकेत वापरली गेली तेव्हा मृत्यू घटण्याऐवजी वाढल्याचं डॉक्टरांनी नोंदवून ठेवलं आहे. ‘सापाची लस’ असं मोघम नाव घेऊन भागत नाही. कुठल्या मुलखातल्या सापाची, हे आधी बघावं लागतं. अर्थात परदेशी गेलेल्या तरुण, निरोगी माणसाला सापापेक्षा आणि डासापेक्षाही जास्त धोका रस्त्यावरच्या अपघाताचा. भाड्याची मोटारसायकल, डोक्यावर हेल्मेट नाही आणि रक्तपेढी दोनशे किलोमीटरवर, एवढं पुरतं.

परका व्हायला पासपोर्टच लागतो असंही नाही. दिवाळीनंतर धडगाव, अक्कलकुव्याकडची कुटुंबं मुकादमाची उचल घेऊन दक्षिण गुजरातच्या उसात कोयता चालवायला जातात. पहाटेची थंडी, दुपारचं ऊन, कमी पाणी आणि अंगमोड श्रम ही सगळी सिकलसेलची कळ उठवणारी कारणं पालाच्या दाराशीच जमलेली असतात. गावच्या आरोग्यसेविकेला घराघरातले रुग्ण माहीत असतात. तिकडच्या दवाखान्यात त्याच कळीला ‘कामाचा थकवा’ समजून वेदनाशामक देऊन वाटेला लावणं सहज घडतं. 1 जुलै 2023 रोजी शहडोलला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत तपासलेल्या माणसाला कार्ड मिळतं. ते पेटीत घरी न ठेवता टोळीबरोबर नेलं, तर परमुलखातल्या डॉक्टरला निदान सुरुवात कुठून करायची ते कळेल.

वाहकाला काहीच होत नाही, यालाही एक अपवाद आहे. हिवतापाविरुद्ध ढाल ठरलेलं तेच जनुक साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या लेहला नेलं, तर विरळ हवेत वाहकाच्याही पेशी वाकू शकतात आणि प्लीहेचा रक्तपुरवठा तुटतो. उंचावर तैनात भारतीय जवानांत असे रुग्ण नोंदले गेले आहेत. अशा वेळी डाव्या बरगडीखाली उठणारी कळ ‘गॅस’ म्हणून सोडून द्यायची नसते. माणसाला प्राणवायू लावून लगेच खाली उतरवायचं असतं.