महाविद्यालयीन तरुण आणि कपड्याचे आयुष्य

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले की महाविद्यालयीन तरुण-तरुणींच्या घरी कपड्यांच्या खरेदीला ऊत येतो. ‘साडी डे’, ‘ट्रॅडिशनल डे’ यांसाठी घेतलेला पोशाख एकदा, फार तर दोनदा अंगावर चढतो आणि पुढे कपाटात पडून राहतो. तरुणांनी नटू नये, असे कोणीही म्हणणार नाही. ते वयच नटण्याचे आहे. मात्र एका दिवसाच्या हौसेपायी काय खर्ची पडते, याचा विचार झाला पाहिजे.

एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा जागतिक सरासरीचा आकडा वारंवार सांगितला जातो. तो आपल्याकडे जसाच्या तसा लावणे योग्य नाही. विदर्भ-मराठवाड्यातील बहुतांश कापूस कोरडवाहू असून तो पावसावरच वाढतो. पण म्हणून तो सहजासहजी हाती येतो असेही नव्हे. पावसाने ओढ दिली की त्याची झळ थेट शेतकऱ्याच्या घराला बसते. पुढे सरकी काढणे, सूत कातणे, विणणे, रंगविणे, शिवणे अशा अनेक हातांतून तो कापूस आपल्यापर्यंत येतो. रंगाईचे सांडपाणी प्रक्रियेविना सोडले गेल्यास नदी नासते ती वेगळीच.

शिवणाऱ्या हातांची कथा याहून विदारक आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळील सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली. तेथे परदेशी बाजारपेठेसाठी तयार कपडे शिवले जात. इमारतीला आदल्या दिवशीच तडे दिसले होते, तरीही कामगारांना कामावर यावे लागले. अकराशेहून अधिक जीव गेले.

कृत्रिम धाग्यांचा प्रश्न निराळा आहे. पॉलिएस्टर खनिज तेलापासून बनते, धुताना त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात मिसळतात आणि टाकून दिल्यावर ते वर्षानुवर्षे कुजत नाही. तरीही ते टिकाऊ असते, हा त्याचा गुण मान्य केला पाहिजे. घरात असलेला पॉलिएस्टरचा सदरा फेकून नवा सुती सदरा घेण्यात शहाणपण नाही. आहे तोच विरेपर्यंत वापरावा.

कपडा पुरवून वापरण्याची विद्या आपल्याकडे घरोघरी होती. जुना शिंपी शिवणीत माया ठेवीत असे, म्हणजे आतल्या बाजूने जादा कापड सोडीत असे. अंग भरले की शिवण उसवून कपडा सैल करता येई. मुलीची उंची वाढली की परकराची खालची दुमड सोडली जाई. जीर्ण लुगड्याची गोधडी होई. उरलेसुरले कपडे बोहारीण भांड्यांच्या बदल्यात नेई आणि निवडून-सांधून पुन्हा बाजारात आणी. पुनर्वापराची ही साखळी कोणत्याही योजनेविना चालत आली.

आजच्या स्वस्त तयार कपड्यांत माया फारशी उरलेली नाही. म्हणून खरेदीच्या वेळी कपडा उलटून पाहावा. टाके दाट आहेत काय, शिवणीत कापड किती सोडले आहे, धागा कोणता आहे, हे पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. हातमागाचे कापड घेता आले तर उत्तमच. वर्ध्याच्या मगन संग्रहालयासारख्या, १९३८ पासून ग्रामोद्योगांशी नाते राखणाऱ्या संस्था आपल्या राज्यात आहेत. अर्थात, असे कापड विद्यार्थ्याच्या खिशाला जड जाते, हे नाकारून चालणार नाही. पण तोच कुडता तीन-चार वर्षे वापरात राहिला तर हिशेब बदलतो.

१९०५ च्या स्वदेशी चळवळीच्या स्मरणार्थ २०१५ पासून ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी केवळ भाषणे न ठेवता महाविद्यालयांना काही ठोस करता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी कपड्यांच्या अदलाबदलीचा मेळावा भरवावा. ‘साडी डे’ला आईची, मावशीची साडी नेसण्याचा प्रघात पाडावा. वसतिगृहात एक शिवणयंत्र ठेवून आठवड्यातून एकदा गावातील शिंप्यास मानधन देऊन बोलवावे. गुंडी लावणे, उसवलेली शिवण घालणे, रफू करणे एवढे तरी त्याच्याकडून शिकून घ्यावे; मुलींनी आणि मुलांनीही.