सीई शिक्का ही विकत घ्यायची वस्तू नव्हे

उरण तालुक्यातील न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. मुरादाबादच्या पितळी मालाचे कंटेनरही रेल्वेने येथे येऊन जहाजावर चढतात. रायगड किनाऱ्यावरील आपल्या बांधवांच्या दारातूनच हा व्यापार चालतो, तेव्हा त्यात आपलाही माल असावा असे वाटणे साहजिक आहे. परंतु युरोपचे नाव काढताच “पैसे द्या, सीई सर्टिफिकेट आणून देतो” असे सांगणारा कोणीतरी भेटतो. व्यापारी बंधूंनी येथेच सावध व्हावे, असे आम्हांस वाटते.

साधी पितळी फुलदाणी, दागिना किंवा ताट-वाटी यांना सीई लागत नाही. उलट, कायद्याने ज्या वस्तूला तो सांगितलेला नाही तिच्यावर तो छापण्यास युरोपीय संघाच्या २००८ च्या नियमाने मनाई आहे. म्हणजे पैसे खर्चून आपणच आपला माल अडचणीत आणतो. तोच पितळी दिवा घरगुती विजेवर चालणारा असेल तर मात्र सीई हवा. त्यासाठी उत्पादकाने सुरक्षेची तपासणी करायची, तांत्रिक फाईल तयार करायची आणि स्वतःच्या सहीने जबाबदारीचे घोषणापत्र द्यायचे असते.

खरी परीक्षा धातूची आहे. लेथवर काम सोपे व्हावे म्हणून पितळेत शिसे घालतात. काही जातींत ते ३ टक्क्यांच्या आसपास असते. भंगार वितळवून ओतकाम करणाऱ्यास आपल्या मुशीत नेमके काय आहे, हे नुसत्या नजरेने कळणार नाही. युरोपात दागिन्यातील शिसे वजनाच्या ०.०५ टक्क्यांहून कमी असावे लागते. लहान मूल तोंडात घालू शकेल अशा इतर पितळी वस्तूंत मिश्रधातूतील शिसे ०.५ टक्क्यांपर्यंत चालते. अंगठी-बांगडीसारख्या अंगाला सतत लागणाऱ्या वस्तूंतून दर आठवड्यास, प्रति चौरस सेंटीमीटर ०.५ मायक्रोग्रॅमहून अधिक निकेल सुटता कामा नये. अन्नाच्या भांड्यांसाठी २००४ चा वेगळा नियम आहे : आरोग्याला घातक होईल इतका धातू अन्नात उतरू नये.

१३ डिसेंबर २०२४ पासून आणखी एक अट लागू झाली आहे. ग्राहकाच्या हाती जाणाऱ्या मालासाठी युरोपीय संघात जबाबदार व्यक्ती किंवा संस्था असावी लागते. बहुधा आयातदारच ती जबाबदारी घेतो. उत्पादकाचे नाव, पत्ता, ईमेल आणि मालाचा बॅच क्रमांकही द्यावा लागतो.

म्हणून आमची सूचना अशी : ऑर्डर घेण्यापूर्वी कोणता नियम लागू होतो आणि कोणती चाचणी हवी, हे आयातदाराकडून लेखी घ्यावे. धातू बिलासह विकत घ्यावा. नव्या धातूचा नमुना एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासावा आणि अहवालावर बॅच क्रमांक लिहून तो जपून ठेवावा. चाचणीला खर्च येतो हे खरे, पण परत आलेल्या कंटेनरमध्ये कारागिराची वर्षभराची मजुरी अडकते. आधी नमुना, मग माल, हाच शहाणपणाचा सौदा होय.