उचंत खात्यातला किडा

बँकेत ज्या रकमेचा धनी सापडत नाही, ती उचंत खात्यात पडते. कीटकांच्या वर्गीकरणातही असे खाते असते.

जमीन उकरून घर करणाऱ्या गांधीलमाशीच्या पोटाच्या वळ्यांतून कधीकधी तपकिरी ठिपका डोकावतो. ती स्ट्रेप्सिप्टेरा गणातली परजीवी मादी! पंख नाहीत, पाय नाहीत. प्रौढपण सारे परक्या पोटात. नर मात्र पंखवाला, आयुष्य जेमतेम काही तासांचे. या जोडीचे कूळ कोणते?

१८१३ साली विल्यम कर्बी यांनी त्यांचा वेगळा गण मांडला. पुढे कोणी त्यांना भुंगेऱ्यांजवळ बसवले, कोणी माश्यांजवळ. २०१२ साली जनुकसंचाच्या अभ्यासाने कौल दिला : भुंगेऱ्यांचेच भाऊबंद. घाईने माश्यांच्या नावे टाकले असते, तर ताळेबंद जुळला असता. हिशेब मात्र खोटा ठरला असता.