दिल्लीपासून दौलताबाद किती लांब?

१ एप्रिल १३३७. दिल्लीच्या तख्तावर मुहम्मद बिन तुघलक आहे. यादवांचं राज्य बुडून वीसेक वर्षं झाली आहेत आणि देवगिरीला आता दौलताबाद म्हणतात. तुंगभद्रेकाठी विजयनगर नुकतं कुठे आकाराला येतं आहे. मदुराईच्या सुभेदाराने दिल्लीचा अंमल झुगारून दोन वर्षं लोटली आहेत. तिकडे युरोपात इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात पुढे शंभर वर्षं चालणाऱ्या युद्धाला तोंड फुटायला काही आठवडेच उरले आहेत.

‘युरोपा युनिव्हर्सॅलिस ५’ हा संगणकावरचा डावपेचांचा खेळ या दिवशी सुरू होतो आणि १८३७पर्यंत चालतो. पॅराडॉक्स या स्वीडिश कंपनीच्या बार्सिलोनाजवळच्या ‘पॅराडॉक्स टिंटो’ या स्टुडिओने, योहान अँडरसन यांच्या नेतृत्वाखाली, तो तयार केला. ४ नोव्हेंबर २०२५ला तो आला. मालिकेतला पहिला खेळ २००० सालचा, आणि त्याचंही मूळ १९९३मधल्या एका फ्रेंच पटावरच्या खेळात. चौथा भाग २०१३मध्ये आला होता, म्हणजे पाचव्यासाठी चाहत्यांना बारा वर्षं थांबावं लागलं.

दोष आधी सांगते, कारण ते लपणारे नाहीत. खेळ शिकायला फार अवघड आहे. पडद्यावर आकड्यांची इतकी गर्दी की महत्त्वाचं काय आणि बिनमहत्त्वाचं काय हे नवख्याला कळत नाही, आणि सोबतची शिकवणी त्याला फार लांब नेत नाही. शतकं पुढे सरकतात तसा खेळ मंदावतो, कारण हजारो ठिकाणच्या माणसांचा हिशेब सतत चालू असतो. संगणक चालवतो ती राज्यं कधीकधी असा विस्तार करतात की इतिहासाची तोंडओळख असलेल्यालाही ते खटकावं. शिवाय प्रकाशनानंतर नियमांचे तोल वारंवार बदलत राहिले. एवढं सगळं मान्य करूनही मला हा खेळ मनापासून आवडतो. इतिहास कसा घडतो याविषयी तो काहीतरी ठाम म्हणतो, आणि जे म्हणतो ते तपासून पाहता येतं. म्हणूनच विज्ञानाच्या पानावर त्याच्याविषयी लिहावंसं वाटलं.

चौथ्या भागात राजाला दर महिन्याला काही गुण मिळत: कारभाराचे, मुत्सद्देगिरीचे, लष्कराचे. ते खर्च केले की एखादा प्रांत तिथल्या तिथे समृद्ध होई. ही समृद्धी आणणारे हात कोणाचे, हा प्रश्न कधी उद्भवतच नसे. पाचव्या भागाने ते गुण काढून टाकले आणि त्या जागी माणसं आणली. प्रत्येक ठिकाणी किती शेतकरी, किती कारागीर-मजूर, किती व्यापारी, किती धर्मोपदेशक, किती सरदार, त्यांचा धर्म कोणता, संस्कृती कोणती, याची मोजदाद आहे. ही माणसं धान्य पिकवतात, खातात, कापड विणतात, मीठ विकत घेतात. माल बाजारपेठेत जातो आणि पुरवठा-मागणीनुसार भाव चढतो-उतरतो. कारखाना उभारायचा तर त्यात राबायला माणसं लागतात, आणि ती शेतातूनच यावी लागतात.

राजाला या सगळ्यातलं किती मिळतं? इथे खेळातली मला सर्वांत आवडलेली कल्पना येते. प्रत्येक ठिकाणावर राजसत्तेचा ‘ताबा’ शून्य ते शंभर असा मोजला जातो, आणि राजधानीपासून जसजसं दूर जावं तसा तो घटतो. डोंगर आणि जंगल तो लवकर घटवतात. नदी, रस्ता आणि आरमाराच्या पहाऱ्यातला समुद्र तो लांबवर पोचवतात. ताबा कमी असलेल्या प्रदेशातून कर कमी येतो आणि सैनिकही कमी मिळतात. नकाशावर रंग तुमचा असतो, उत्पन्न मात्र स्थानिक बड्यांच्या खिशात जातं.

हे गृहीतक किती खरं आहे हे पाहायला तुघलकाच्या दख्खनएवढं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. खेळ सुरू होतो त्या काळात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दिल्लीत काझी होता. दिल्ली ते दौलताबाद हा चाळीस दिवसांचा प्रवास असल्याचं त्याने नोंदवलं आहे. रस्ता दुतर्फा झाडांचा, टप्प्याटप्प्यावर डाकेच्या चौक्या. अशाच एका डाकेचं त्याने केलेलं वर्णन थक्क करणारं आहे. एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात घुंगरं बांधलेली काठी घेऊन हरकारा पळत सुटे. घुंगरांचा आवाज ऐकून पुढच्या चौकीवरचा गडी तयार उभा राहायचा. सिंधमधून दिल्लीला यायला माणसाला पन्नास दिवस लागत असताना बातमी पाच दिवसांत पोचत असे. सुलतान दौलताबादेत असला की त्याच्यासाठी गंगेचं पाणी चाळीस दिवसांच्या वाटेवरून आणलं जाई.

१३२७च्या सुमारास तुघलकाने दौलताबादला राजधानीचा दर्जा दिला आणि दिल्लीतल्या बड्या लोकांना तिकडे हलवलं. शाळेच्या पुस्तकात हे लहरीपणाचं उदाहरण म्हणून येतं. ताब्याचा नकाशा उघडून बसलेल्या खेळाडूला मात्र त्यामागचं गणित लगेच दिसतं. दक्षिणेचा महसूल हवा असेल, तर सत्तेचं केंद्र दक्षिणेच्या जवळ न्यावं लागेल. पण मग उत्तर सुटते. तुघलकाला अखेर दोन्ही टोकं सांभाळता आली नाहीत. १३४७मध्ये दौलताबादेतच अलाउद्दीन हसन बहमनशाहाला राज्याभिषेक झाला आणि दख्खन दिल्लीच्या हातून गेलं. एका सुलतानाच्या स्वभावावर फोडलेलं खापर अंतराच्या भौतिक अडचणीकडे सरकतं, हे मला खेळाचं फार मोठं यश वाटतं. स्वभावाचा भाग अर्थातच उरतो. पण अडचण त्याच्या आधीपासून तिथे होती.

आणि इथेच या मॉडेलची मर्यादाही उघडी पडते. इब्न बतूताचे आकडे पुन्हा पाहा. पाच दिवस बातमीला, पन्नास दिवस माणसाला. अंतर एकच, पण त्याच्या ‘लांबी’ दोन. सुलतानाला बंडाची खबर झटकन कळे आणि फौज तिथे पोचेपर्यंत ऋतू बदललेला असे. खेळ जवळीक एकाच आकड्यात मोजतो, त्यामुळे माहितीचा वेग आणि सैन्याचा वेग यांच्यातली ही भयंकर दरी त्याच्या हातून निसटते. खेळाडूला तर कोणतीच बातमी उशिरा कळत नाही, आणि त्याचा हुकूमही सुटल्याक्षणी पोचतो.

माझ्या मते खेळातली सर्वांत अनैतिहासिक गोष्ट हीच आहे. विचित्र विस्तार करणारी राज्यं पुढेमागे दुरुस्त होतील. पण खेळाडू जेवढं जाणतो तेवढं जाणणारा एकही राजा १३३७मध्ये नव्हता. आपल्या मुलखात किती डोकी आहेत हे तुघलकाला ठाऊक असणं शक्य नव्हतं. मिंग चीनने देशभरच्या कुटुंबांची नोंदवही केली ती १३८१मध्ये. इंग्लंडची पहिली आधुनिक जनगणना १८०१ची, आणि भारतात एकाच वेळी सर्वत्र शिरगणती झाली ती १८८१मध्ये, म्हणजे खेळ संपल्यावर चव्वेचाळीस वर्षांनी. राजाला जे अंदाजाने, हेरांच्या तोंडून, अर्धवट खोट्या हिशेबवह्यांतून कळायचं, ते आपल्याला एका नजरेत दिसतं. प्रजेची मोजदाद करता येणं हीच एक ताकद असते आणि ती हळूहळू कमवावी लागते, हे पुढच्या एखाद्या आवृत्तीत यावं अशी माझी फार इच्छा आहे.

आता प्लेगकडे वळू. खेळातलं हे दुसरं मोठं धाडस. १३३७ला सुरुवात केली की ‘ब्लॅक डेथ’ दहाएक वर्षांवर उभी असते, आणि प्रत्येक खेळाडूला ते माहीत असतं. किरगिझस्तानात इसिक-कुल सरोवराजवळच्या दफनभूमींत सापडलेल्या तारखा कोरलेल्या ४६७ शिलांपैकी ११८ एकट्या १३३८-३९ या दोन वर्षांच्या आहेत. काहींवर सिरियाक भाषेत मृत्यूचं कारणही कोरलेलं आहे: महामारी. तिथल्या सांगाड्यांच्या दातांतून संशोधकांनी डीएनए मिळवला आणि त्यात ‘येर्सिनिया पेस्टिस’ हा प्लेगचा जिवाणू सापडला. ‘नेचर’मधला हा शोधनिबंध २०२२चा. म्हणजे खेळाच्या घड्याळात जेमतेम एक वर्ष सरतं, तोवर साथीची पहिली माणसं मरू लागलेली असतात. ऑक्टोबर १३४७मध्ये साथ सिसिलीतल्या मेसिना बंदरात उतरली आणि पुढच्या वर्षी इंग्लंडपर्यंत पोचली.

जुन्या पद्धतीच्या खेळात प्लेग म्हणजे एक सूचना यायची, काही टक्के उत्पन्न कापलं जायचं आणि खेळ पुढे सरकायचा. इथे साथ ठिकाणाहून ठिकाणी पसरते आणि मोजलेली माणसं खरोखर कमी होतात. त्यांच्यामागे शेतं ओस पडतात, कर घटतो, फौज विरळ होते. खरा इतिहासही अशाच टंचाईने वळण घेतलेला आहे. इंग्लंडमध्ये मजूर इतके दुर्मीळ झाले की १३४९मध्ये वटहुकूम आणि १३५१मध्ये कायदा करून मजुरीचे दर जुन्या पातळीला बांधून ठेवण्याचा प्रयत्न झाला.

मात्र साथीने सगळीकडे सारखाच घाला घातला का? याचं उत्तर देणारं एक देखणं संशोधनही २०२२चंच आहे. युरोपातल्या १९ देशांतल्या २६१ तळ्या-दलदलींच्या गाळातले परागकण अभ्यासकांनी तपासले. तर्क सरळ आहे. शेतकरी मेले की गहू-राय यांसारख्या धान्यांचे परागकण कमी होतात आणि पडीक जमिनीवर उगवणाऱ्या झाडाझुडपांचे वाढतात. स्कँडिनेव्हिया, फ्रान्स, ग्रीस, मध्य इटली इथे शेती कोसळल्याच्या खुणा मिळाल्या. आयर्लंडमध्ये, स्पेनच्या बाजूला आणि पूर्व युरोपच्या बऱ्याच भागात शेती तशीच चालू राहिली, काही ठिकाणी तर वाढली. सबंध युरोपचा तिसरा हिस्सा किंवा निम्मा हिस्सा मेला, असा एकच आकडा सगळ्यांना लावणं यापुढे कठीण आहे. ठिकाणागणिक माणसं मोजणाऱ्या खेळात हा नवा नकाशा घालून पाहता येईल. साऱ्या प्रांताला एकच टक्केवारी लावणाऱ्या खेळात ते जमलंच नसतं.

अशी मॉडेलं विद्यापीठांतही बनतात. पीटर टर्चिन आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये आफ्रिका-युरोप-आशियाचा नकाशा शंभर किलोमीटर बाजूच्या चौकोनांत कापला आणि इसवी सनापूर्वी १५०० ते इसवी सन १५०० या काळात मोठी राज्यं कुठे उगवतील हे संगणकाला ठरवू दिलं. शेती कुठे होती, जमीन किती डोंगराळ होती, आणि गवताळ मैदानांतून पसरत जाणारं घोडदळाचं युद्धतंत्र कधी कुठे पोचलं, एवढ्याच मुख्य गोष्टी त्याला पुरवल्या. राज्यांच्या प्रत्यक्ष मांडणीतली ६५ टक्के तफावत त्यातून उलगडली. युद्धतंत्राच्या प्रसाराचा भाग काढला तेव्हा हाच आकडा १६ टक्क्यांवर आला.

मला याहूनही मोलाचं वाटतं ते अमेरिकेतल्या ॲरिझोनामधल्या लाँग हाऊस व्हॅलीचं मॉडेल. इसवी सन ८०० ते १३५० या काळातल्या तिथल्या प्यूब्लो लोकांची घरंच्या घरं संगणकात वसवली. झाडांच्या वर्षवलयांवरून पावसाचा अंदाज बांधला, त्यावरून मक्याचं पीक ठरवलं, आणि कोणतं कुटुंब कुठे शेती करेल हे कुटुंबांवर सोडलं. लोकसंख्येचे चढउतार खऱ्याशी बऱ्यापैकी जुळले. पण १३००च्या सुमारास खरं खोरं पूर्ण रिकामं झालं, तर संगणकातल्या खोऱ्यात थोडी माणसं टिकून राहिली. म्हणजे दुष्काळ पडला तरी काहींना तिथे जगता आलं असतं आणि तरीही सगळे निघून गेले. मग त्यांना कोणी किंवा कशाने हलवलं? नातीगोती, धर्म, भांडणं, एकटं पडण्याची भीती? मॉडेल जिथे चुकलं, तिथेच हा प्रश्न नेमका झाला.

युरोपा युनिव्हर्सॅलिसच्या चुकांकडे मी अशाच उत्सुकतेने पाहते. एखादं राज्य खेळात उगवायला हवं आणि उगवत नाही, तेव्हा दोन शक्यता असतात. एक तर नियम चुकला आहे, किंवा ते राज्य खरोखरच योगायोगाने उगवलं होतं आणि आपण त्याला अपरिहार्य समजत होतो. उस्मानी साम्राज्याचंच घ्या. १३३७मध्ये ते अनातोलियाच्या वायव्य कोपऱ्यातलं एक छोटं संस्थान होतं. त्याच्या आसपास तशीच आणखी कितीतरी होती. पाचशे वर्षं दहादा चालवून बघितली तर त्यातलं कोणतं मोठं होईल? इतिहास एकदाच घडतो, म्हणून इतिहासकाराला हा प्रयोग कधीच करता येत नाही. इथे तो सदोष स्वरूपात का होईना, करता येतो.

शिवाय हे नियम बंद पेटीत नाहीत. खेळाची बरीचशी मांडणी साध्या मजकुराच्या फायलींमध्ये आहे, कोणालाही त्या उघडून आकडे बदलता येतात. खेळ बाजारात येण्याच्या सुमारे दीड वर्ष आधीपासून निर्मात्यांनी प्रदेशवार नकाशे प्रसिद्ध केले आणि जगभरच्या जाणकारांकडून दुरुस्त्या मागवल्या. गावांची नावं, भाषांच्या सीमा, कुठे काय पिकतं, अशा बारकाव्यांवर लोकांनी हिरिरीने मतं दिली. आपल्याकडे यादवकालीन ताम्रपट वाचणारे, घाटवाटा पायी धुंडाळणारे, कोकणातल्या जुन्या बंदरांचा अभ्यास करणारे लोक काही कमी नाहीत. त्यांच्या माहितीला इथे थेट उपयोग आहे. सह्याद्री हा नुसता उंचीचा अडथळा नाही. पावसाळ्यात कोकणची बंदरं बंद होत, नद्यांना उतार मिळत नसे, आणि तेच घाट दिवाळीनंतर लमाणांच्या बैलांच्या तांड्यांनी गजबजत. जुन्नरहून नाणेघाटाने खाली उतरायला आषाढात किती दिवस लागत आणि मार्गशीर्षात किती, हे दोन वेगळे आकडे त्या फायलींमध्ये कोणीतरी घालून बघायला हवेत.