कोबीचा वाफा आणि जाळीचें छत्र

परसांत चार वाफे काढून भाजी लावणाऱ्या गृहस्थास हिंवाळ्यांत मोह पडतो तो कोबी, फुलकोबी आणि नवलकोल यांचा. भाद्रपद-आश्विनांत बीं पेरावें, चार-पांच आठवड्यांनीं रोपें वाफ्यांत लावावीं आणि पौष-माघांत गड्डे कापावे, हा क्रम महाराष्ट्रांत सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु लावणीला पंधरवडा लोटतो न लोटतो तोंच पानांवर बारीक पारदर्शक ठिगळें दिसूं लागतात, मग त्यांचीं भोंकें होतात, आणि एके सकाळीं मधला कोंवळा कोंब कुरतडलेला आढळतो. कोबीच्या रोपाचें सर्वस्व त्या कोंबांत असतें. कोंब गेला कीं गड्डा गेला. अशा वेळीं बहुतेकांचा हात औषधाच्या पिचकारीकडे वळतो. पण हें पीक पानांचें आहे. ज्या पानावर विष शिंपडावें, तेंच पान उद्यां ताटांत यावयाचें असतें. यास्तव कीड आल्यावर तिला मारावें कसें, यापेक्षां ती येऊंच नये म्हणून काय करावें, हा प्रश्न घरच्या बागेंत अधिक महत्त्वाचा ठरतो.

किडीला हा वाफा सांपडतो तरी कसा? कोबी, फुलकोबी, नवलकोल, मुळा, सलगम आणि मोहरी हीं सर्व एकाच कुळांतलीं. मोहरी वाटली असतां जो तिखट दर्प नाकांत चढतो, त्याचें मूळ असलेलीं द्रव्यें या सर्वांच्या पानांत थोड्याफार प्रमाणांत असतात. बहुतेक किडे त्या तिखटपणामुळें दूर राहतात; परंतु कांहीं किडींनीं तें विष पचविण्याची युक्ति साधली आहे, आणि त्यांना हा दर्प म्हणजे जेवणाचें आमंत्रणच वाटतो. व्हर्शाफेल्ट या डच शास्त्रज्ञानें १९१० सालीं असें दाखविलें कीं, कोबीवरच्या अळ्या एरवीं ज्या पानांस तोंड लावीत नाहींत, तींच पानें या द्रव्यानें माखून दिलीं तर त्या खातात. तेव्हां कोबी लावला कीं त्याचे पाहुणे येणारच, हें गृहीत धरून चालावें.

या पाहुण्यांत अग्रमान चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचा. भारतांत त्याची नोंद १९१४ सालीं झाली. हा पतंग तांदळाच्या दाण्याहून फारसा मोठा नसतो. पंख मिटून बसला म्हणजे त्याच्या पाठीवर फिक्या रंगाचे चौकोन ओळीनें दिसतात, त्यावरून त्याचें नांव पडलें. संध्याकाळीं तो उडूं लागतो आणि मादी पानांवर, विशेषतः शिरांच्या कडेनें, एकेक किंवा थोडींथोडीं अंडीं घालते. उबेच्या दिवसांत तीं तीन-चार दिवसांत फुटतात. बारीक अळी प्रथम पानाच्या आंत शिरते. मग बाहेर येऊन पानाची खालची बाजू खाते आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवते. पानावरचीं तीं पारदर्शक ठिगळें हीच. अळीला डिवचलें तर ती वळवळत मागें सरकते आणि रेशमाच्या तंतूला लोंबकळते. अंड्यापासून पतंगापर्यंतचा सर्व प्रवास दोन-तीन आठवड्यांत पुरा होतो, म्हणून एका पिकावर तिच्या अनेक पिढ्या पोसल्या जातात. हिच्या जोडीला कोंब पोखरणारी अळी, तंबाखूचीं पानें खाणारी अळी आणि मावा हेहि असतातच.

विषाचा इतिहास या बाबतींत बोलका आहे. डी. डी. टी. या औषधास हा पतंग दाद देत नाहीं, असें जावा बेटावर १९५३ सालींच नमूद झालें. किडींना रोग लावणाऱ्या एका जिवाणूपासून केलेलें औषधहि १९९० च्या सुमारास हवाई बेटांवरील शेतांत निष्प्रभ होऊं लागलें. कारण उघड आहे. फवाऱ्यांतून जे थोडे वांचतात त्यांचीच प्रजा वाढते, आणि पिढ्या झपाट्यानें होत असल्यामुळें ती विष सोसणारी प्रजा लौकरच सर्वत्र पसरते. जाळीच्या बाबतींत हा धोका नाहीं. विष पचविण्यास कीड शिकते. आपल्या देहाहून लहान छिद्रांतून पार होण्यास ती शिकूं शकत नाहीं.

मात्र जाळी निवडतांना शत्रूचें माप ध्यानांत घेतलें पाहिजे. उत्तर भारतांत कोबीवर येणारें मोठें पांढरें फुलपांखरूं सात मिलिमीटरच्या छिद्रानेंहि अडतें. ठिपक्यांचा पतंग त्यांतून सहज पार होतो. त्याच्यासाठीं छिद्र सुमारें एक मिलिमीटरचें हवें. जुनी पण न फाटलेली मच्छरदाणी या कामीं उपयोगी पडते; पश्चिम आफ्रिकेंतील बेनिन देशांत कोबीवर मच्छरदाणीच्या कापडाचे प्रयोग झाले आणि त्यांत या पतंगाच्या अळ्या बऱ्याच कमी आढळल्या. मावा याहूनहि बारीक असल्यामुळें त्याला अडविण्यास इंचांत ४० छिद्रें असलेली कीटकरोधक जाळी लागते. परंतु जाळी जितकी दाट, तितका वारा कमी आणि आंत ऊब व दमटपणा अधिक, हेंहि विसरूं नये. बाजारांत मिळणारी हिरवी शेडनेट ही निराळी वस्तु होय. ती ऊन अडविण्यासाठीं असते, आणि कोबीला तर भरपूर ऊन हवें.

जाळी लावण्याची रीत सोपी आहे. बांबूच्या कामट्या वांकवून वाफ्यावर हात-दीड हाताच्या अंतरानें कमानी रोवाव्या. त्यांची उंची दोन-अडीच फूट असावी, म्हणजे वाढलेलीं पानें जाळीला टेकणार नाहींत. पान टेकलें तर मादी बाहेर बसूनहि छिद्रांतून अंडीं घालूं शकते. वाफ्याभोंवतीं चार बोटें खोल चर काढून जाळीच्या कडा त्यांत पुराव्या व वर माती दाबावी. जाळी ताणून बसवावी. सैल लोंबणाऱ्या जाळ्यांत पक्षी आणि धामणीसारखे साप अडकून मरतात, आणि उंदीर खाणारी धामण ही बागेची मित्रच आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेळेची. जाळी लावणीच्या दिवशींच घातली पाहिजे. रोपें तयार करण्याचा लहान वाफाहि झांकलेला असावा. भोंकें दिसल्यावर जाळी घालणें म्हणजे चोराला घरांत कोंडून बाहेरून कडी लावण्यासारखें आहे. आंत राहिलेल्या अळीला अन्न भरपूर, आणि तिला खाणारे पक्षी व गांधीलमाश्या बाहेर! म्हणून लावणीपूर्वीं प्रत्येक रोपाचें पान उलटून पाहावें. कांहीं अळ्यांचे कोष मातींत असतात. तेव्हां ज्या वाफ्यांत नुकताच कोबी किंवा मुळा होता, तेथें पुन्हां याच कुळांतलें पीक घेऊं नये, नाहीं तर पतंग जाळीच्या आंतच जन्म घेतील.

जाळी घातली म्हणजे काम संपलें असेंहि नाहीं. आठवड्यांतून एकदां सकाळीं एक बाजू उचलून पानें तपासावीं. अंडीं वा अळ्या दिसल्यास हातानें चिरडाव्या. मावा थोडा असेल तर पाण्याच्या धारेनें धुवून काढावा; तो वाढूं लागला तर दिवसां जाळी उघडी ठेवून ढालकिड्यांस आंत येऊं द्यावें, कारण माव्याचे तेच खरे वैरी होत. पाणी मुळाशीं आणि सकाळीं द्यावें, म्हणजे पानें रात्रभर ओलीं राहून कुजणार नाहींत.

कोणी विचारील कीं, हेंच छत्र सर्व भाज्यांवर कां घालूं नये? दुधी, काकडी, भोपळा यांना फळ धरण्यासाठीं मधमाश्या लागतात. तीं पिकें झांकलीं तर वेल फुलेल पण फळणार नाहीं. कोबीचें पान, फुलकोबीचा गड्डा आणि नवलकोलाचा कंद यांना परागाची गरज नसते, म्हणून तीं लावणीपासून काढणीपर्यंत बंद राहूं शकतात. बियांसाठीं राखलेल्या मुळ्यास मात्र फुलोऱ्याच्या वेळीं मोकळें केलें पाहिजे.

काढणीनंतर राहिलेलीं पानें व बुंधे उपटून कंपोस्टच्या खड्ड्यांत पुरावे. जाळी धुवावी, भोंकें शिवावीं आणि ती सावलींत घडी करून ठेवावी. नायलॉनला कीड लागत नाहीं, पण ऊन त्याला हळूहळू खातें. नीट सांभाळलेली जाळी अनेक हंगाम टिकते, आणि तिच्याखालचा कोबी चिरतांना गृहिणीला पानापानावर शंका घ्यावी लागत नाहीं.